गोमुखीतील माळ आणि गुणफलक

चांगले काम करणाऱ्यास बक्षीस द्यावे काय, हा प्रश्न आपल्या घरांतून रोज सुटतो आणि रोज पुन्हा उभा राहतो. पाढे न अडखळता म्हटले तर खडीसाखर, आजोबांचे पाय चेपले तर चार आणे. ही लाच की उत्तेजन, याचा विचार करीत कोणी बसत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र हाच प्रश्न एका अगदी निराळ्या ठिकाणी उभा राहिलेला दिसतो. सामान्य नागरिकांनी आपल्या परिसरातील पक्षी, फुलपाखरे, झाडे, पाऊस-पाणी यांच्या नोंदी कराव्यात आणि त्या अभ्यासकांच्या स्वाधीन कराव्यात, या उपक्रमास 'नागरिक-विज्ञान' हे नाव आता रूढ झाले आहे. या स्वयंसेवकांचा उत्साह टिकावा आणि निसर्गाविषयी त्यांची वागणूक सुधारावी, म्हणून नोंदीमागे गुण, ठरावीक नोंदी झाल्या की बिल्ला आणि कोण पुढे, कोण मागे हे सांगणारा गुणफलक अशी योजना पुष्कळ ठिकाणी केली जाते. इंग्रजीत यास गेमिफिकेशन म्हणतात. मराठीत रूढ शब्द मला आढळला नाही. मी आपला 'खेळीकरण' म्हणतो. याहून बरा शब्द कोणास सुचल्यास संपादकांना अवश्य कळवावा.

प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. पक्षी मोजणाऱ्यास चार गुण मिळाले तर कोणाचे काय बिघडले? मलाही बरेच दिवस तसेच वाटत असे. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला उद्दिष्टे, तक्ते, क्रमवारी यांचे वावडे असून चालत नाही. परंतु या विषयात थोडे खोल शिरल्यावर असे लक्षात आले, की येथे एक जुना नैतिक वाद आपले नेहमीचे उत्तर स्वीकारीत नाही. ते कसे, हे सांगण्यासाठी प्रथम थोडा इतिहास सांगावा लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत नाताळच्या दिवशी एक खेळ खेळला जाई. मंडळी दोन पक्षांत विभागून बंदुका घेऊन रानात शिरत आणि दिसेल तो पक्षी-प्राणी टिपीत. संध्याकाळी ज्यांच्या मृत पाखरांचा ढीग मोठा, तो पक्ष विजयी. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांना हे पाहवेना. त्यांनी उपदेश केला नाही, स्पर्धा बंद करा असेही म्हटले नाही. १९०० साली त्यांनी एवढेच सुचवले, की या नाताळला पाखरे मारू नका, मोजा, आणि आपापल्या याद्या माझ्याकडे पाठवा. त्या दिवशी २५ ठिकाणी मिळून अवघी २७ माणसे बाहेर पडली. तीच नाताळ-पक्षिगणना आज सव्वाशे वर्षांनंतरही चालू आहे आणि पक्ष्यांची संख्या कशी बदलत गेली हे सांगणारे तिच्याइतके दीर्घ साधन जगात क्वचितच असेल. चॅपमननी माणसातील ईर्ष्या काढून टाकली नाही; तिच्या हातातली बंदूक तेवढी काढून घेतली. खेळीकरणाच्या बाजूने याहून बळकट पुरावा मला ठाऊक नाही, आणि तो आरंभीच मांडून ठेवणे न्यायाचे होईल.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. २००२ साली कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान-प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन संस्था यांनी 'ई-बर्ड' नावाची नोंदवही संगणकाच्या जाळ्यावर उघडली. 'विज्ञानासाठी नोंदी द्या' असे आवाहन होते. प्रतिसाद बेताचाच आला. मग चालकांनी धोरण बदलले. पक्षिनिरीक्षकाला स्वतःची आयुष्यभराची यादी तेथे ठेवता यावी, आपल्या जिल्ह्यात आपण कितवे हे पाहता यावे, अशा सोयी त्यांनी केल्या. त्यानंतर नोंदींचा ओघ झपाट्याने वाढला. आपल्या देशातील त्याचे फळ पाहावयाचे असेल तर २०२३ सालचा 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा अहवाल पाहावा. तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा विचार त्यात केलेला असून १७८ जातींकडे तातडीने लक्ष देण्याची गरज असल्याचे म्हटले आहे. कोणत्याही शासनाला पगारी माणसे नेमून हे काम करता आले नसते. तीस हजार कर्मचाऱ्यांचा प्रवासभत्ता मंजूर करण्यातच एक पंचवार्षिक योजना संपली असती, हे मी अनुभवाने सांगतो.

मोजणी ही काही परकीयांनी आणलेली गोष्ट नव्हे. आपल्या आज्या-पणज्या चातुर्मासात लाखोली वाहत. एक लक्ष बेलाची पाने किंवा तितकीच फुले, दररोज ठरावीक, देवाला वाहावयाची. शंभर झाली की तांदळाचा एक दाणा बाजूला ठेवावयाचा. लक्षवाती, सोळा सोमवार, लिखित नामजप, सारा आकड्यांचाच व्यवहार. पुण्यालाही हिशेब असतो आणि तो ठेवायला चित्रगुप्त नावाचा लेखनिक आहे, ही कल्पना ज्या समाजाने केली त्याने गुणांच्या नावाने नाके मुरडू नयेत. शिवाय आकडा मनाला धरून ठेवतो, हेही खरेच. नुसते 'देवाचे नाव घ्या' म्हटले तर मन चार नामांत बाजारात पोचते; एकशे आठ मणी ओढायचे आहेत म्हटले की निदान बोटे तरी जागेवर राहतात.

मात्र त्याच परंपरेने आणखी एक गोष्ट केली. जप करताना माळ गोमुखीत झाकून ठेवण्याचा दंडक घातला. कापडी पिशवीत हात, हातात माळ. किती मणी झाले हे शेजारी बसलेल्याला कळू नये. मोजणी हवी, परंतु ती दिसता कामा नये. हा नियम घालणाऱ्याला मानवी स्वभाव फार चांगला कळला असला पाहिजे. आकडा स्वतःच्या मनाला बांधून ठेवीत असेल तोवर तो साधन आहे. चारचौघांत मांडला की साधनाला प्रतिष्ठेचे पाय फुटतात. गुणफलक म्हणजे उघड्यावर ओढलेली माळ.

येथवर आल्यावर तत्त्वज्ञ मंडळी आपली नेहमीची कैफियत मांडतील. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली एका दुकानदाराचे उदाहरण दिले. गिऱ्हाईक टिकावे म्हणून तो लहान मुलालाही फसवीत नाही. त्याचे वर्तन योग्य, पण त्याला नैतिक मोल नाही, कारण ते कर्तव्यबुद्धीने घडलेले नाही. आपल्याकडे निष्काम आणि सकाम कर्माचा वाद तर सर्वांच्या परिचयाचा आहे. याच्या उलट ॲरिस्टॉटल म्हणतो, की न्यायाची कृत्ये करता करताच माणूस न्यायी होतो. पहिले पाऊल कोणत्या हेतूने पडले याला फार महत्त्व नाही. आजीच्या खडीसाखरेचे समर्थन ॲरिस्टॉटलच करू शकेल.

या वादात व्यवहारी माणसाचे उत्तर ठरलेले असते, आणि ते चुकीचे आहे असे मला वाटत नाही. हेतूचे तुम्ही तत्त्वज्ञांनी पाहा, आम्हांला रस्ता स्वच्छ हवा. आमचे इंदूर हे याचे ढळढळीत उदाहरण. २०१६ सालच्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पंचविसावे होते. २०१७ पासून २०२३ पर्यंत सतत पहिले आले, शेवटच्या वर्षी सुरतेसह. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे राजवाड्यापासून अगदी बाहेरच्या वसाहतींपर्यंत माणसे शिकली ती काही पर्यावरणाचे ग्रंथ वाचून नव्हे. 'आपला पहिला नंबर' या अभिमानाने शिकली. आणि झाडू अभिमानाने मारला काय किंवा भूतदयेने मारला काय, कचरा तितकाच जातो. लोभाने लावलेले झाड आणि प्रेमाने लावलेले झाड, दोन्ही वाटसरूला सारखीच सावली देतात. कर्त्याच्या मनातला हेतू आणि कर्माचे फळ या दोन वस्तू अलग करता येतात. म्हणूनच हेतू अशुद्ध असला तरी फळ घेऊन समाज पुढे जाऊ शकतो.

नोंदीचे तसे नाही. माझ्या मते सगळा प्रश्न येथे आहे.

स्वयंसेवक जेव्हा 'सिरपूर तलाव, सकाळी सात ते आठ, तीन चक्रवाक, बारा हळदी-कुंकू बदके' असे लिहितो तेव्हा तो जगात एखादी वस्तू निर्माण करीत नाही; तो साक्ष देत असतो. साक्षीचे फळ तिच्या खरेपणातच असते. साक्षीदाराला पैसे मिळणार असतील तर न्यायालय त्याच्या शब्दाकडे वेगळ्या नजरेने पाहते, मग तो खरे बोलत असला तरीही. झाड लावणाऱ्याचा लोभ झाडात उतरत नाही. पाहणाऱ्याचा लोभ मात्र पाहण्यात उतरतो. बोरूच्या झुडपात हललेला तपकिरी वटवट्या नेहमीचा की दुर्मीळ, याचा निर्णय अर्ध्या क्षणाच्या दर्शनावर करावयाचा असतो, आणि त्या अर्ध्या क्षणात 'नेहमीचा' म्हटल्यास काही नाही, 'दुर्मीळ' म्हटल्यास यादीत एकाची भर, अशी स्थिती असेल तर डोळा कोणीकडे कलेल? माणूस मुद्दाम खोटे लिहितो असे माझे म्हणणे नाही. बहुतेक वेळा तो लिहीत नाही. त्याला तसे दिसू लागते.

अर्थात उपक्रम चालवणारे बावळट नाहीत. विलक्षण नोंद आली की ई-बर्डवर ती बाजूला निघते, अनुभवी परीक्षक विचारणा करतात, छायाचित्र मागतात. म्हणजे सरळसरळ खोट्याचा बंदोबस्त आहे. ज्याचा बंदोबस्त नाही ते निराळेच.

आमच्या शेजारची एक मुलगी, महाविद्यालयात शिकते, मोठी उत्साही. रविवारी पहाटे मैत्रिणींसह सिरपूरला जाते. एकदा परतताना फाटकाशी भेटली तेव्हा मी विचारले, "काय गं, काय काय दिसलं आज?" तोंड लहान करून म्हणाली, "काही नाही मिळालं काका. सगळे नेहमीचेच." मग सहज तिची यादी पाहिली. चौतीस जाती होत्या. वंचक, पाणकावळे, खंड्या, टिटव्या, धोबी, वेडे राघू. चौतीस जातींच्या पाखरांनी भरलेली सकाळ, आणि 'काही नाही मिळालं'! मला त्या 'मिळालं' शब्दाने फार दिवस छळले. पक्षी दिसतो, ऐकू येतो, भेटतो. आमच्या पिढीने 'मिळतो' असे कधी म्हटल्याचे स्मरत नाही. मिळतात ते पैसे आणि गुण. ज्या प्राण्याला आयुष्यात प्रथमच पाहिले त्यास या मंडळींत 'लायफर' म्हणतात, आणि सिरपूरवर तिचे लायफर संपले होते. पुढे तिने तेथे जाणे कमी केले. आता सुटीत दूरच्या जंगलांचे बेत ठरतात.

तिला दोष देण्याचे कारण नाही. जी व्यवस्था नव्यालाच मोजते ती जुन्याला बिनमोलाचे ठरवणारच. परंतु विज्ञानाची गरज याच्या नेमकी उलट आहे. चिमणी घटली की नाही, हे कळण्यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षे तीच चिमणी त्याच जागी मोजावी लागते. सर्वांत मोलाची नोंद पुष्कळदा शून्याची असते: 'तासभर होतो, टिटवी दिसली नाही.' शून्याला गुण कसे द्यावयाचे? देऊ लागल्यास घरी बसूनच शून्ये भरणारे निघतील. हा पेच कोणत्याही गुणपद्धतीला सुटण्यासारखा नाही, असे मला वाटते.

माझ्या सेवाकाळात एका खात्याच्या मासिक तक्त्यात वृक्षारोपणाचे दोन रकाने असत: खोदलेले खड्डे आणि लावलेली रोपे. जगलेली रोपे हा रकाना नव्हता. तो नसल्याने कोणी खोटे बोलत नसे. फक्त पावसाळ्यानंतर त्या बाजूला कोणाची जीप वळत नसे. रकाना नसलेली गोष्ट हळूहळू दिसेनाशी होते. सी. थी न्गुयेन या तत्त्वज्ञाने खेळांवर मोठा विचार केला असून त्यांचा 'गेम्स' हा ग्रंथ २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांचे एक प्रतिपादन असे, की आपली मूल्ये मुळात गुंतागुंतीची, धूसर कडांची असतात. संस्था त्यांच्या जागी सोपा, रोखठोक आकडा आणून ठेवते, आणि काही काळाने आपण मूळ मूल्य विसरून त्या आकड्यालाच मूल्य समजू लागतो. खेळात हे सुखाचे असते, कारण डाव संपल्यावर आपण सोंगट्या डब्यात भरून ठेवतो. ज्या खेळाचा डाव संपत नाही आणि ज्याच्या सोंगट्या खऱ्या जगात असतात, तेथे हे सुख घातक ठरते. शेजारच्या मुलीचे 'मिळालं' याहून वेगळे काय आहे?

मुलांवर झालेला एक प्रयोगही येथे आठवतो. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतील मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढाल तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिले. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेने सहज ठेवली असता पहिल्या गटातील मुले इतरांच्या निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. आधी जाहीर केलेल्या बक्षिसाने आवड खाल्ली. अचानक मिळालेल्या बक्षिसाने मात्र काही अपाय झाला नाही, हा या प्रयोगाचा उत्तरार्ध लोक सांगायला विसरतात, आणि मला तोच अधिक बोधक वाटतो. शाबासकीत वाईट काही नाही. शाबासकीचा करार वाईट.

प्रौढांचे उदाहरण पाहावयाचे तर 'ओल्ड वेदर' हा उपक्रम. २०१० च्या ऑक्टोबरात तो सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर रोज लिहिलेल्या हवामानाच्या नोंदी उतरवून काढावयाच्या, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी समुद्रावर हवा कशी होती हे हवामानशास्त्रज्ञांना कळेल. स्वयंसेवकाने एखादे जहाज निवडले की तो प्रथम छात्र, काही पाने उतरवली की लेफ्टनंट आणि त्या जहाजावर सर्वाधिक पाने उतरवणारा कप्तान. दुसऱ्याने मागे टाकले की कप्तानपद गेले! या पदव्यांचा काहींना मनापासून आनंद झाला. काहींनी तिकडे लक्षच दिले नाही. आणि काही जण, पहिल्या कप्तानाला गाठणे अशक्य आहे हे पाहून किंवा घाईत अक्षरे चुकतील या धास्तीने, मागे सरले. या स्वयंसेवकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात हे सारे आले आहे. गंमत अशी, की पुष्कळांना धरून ठेवले ते पदवीने नव्हे, तर जहाजावरच्या जीवनाने. आज कोण खलाशी आजारी पडला, कोणाला समुद्रात निरोप दिला, १९१८ च्या साथीत किती दगावले. तापमानाचे आकडे उतरवता उतरवता माणसे त्या मृत खलाशांची सोबती झाली. खेळ बाहेरून चिकटवला होता. गोडी कामाच्या आतच होती.

'आतील' आणि 'चिकटवलेला' हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. प्रथिनांच्या घड्या घालण्याचा 'फोल्डइट' हा संगणकीय खेळ २००८ मध्ये आला, आणि दशकाहून अधिक काळ अडलेली एका विषाणूच्या प्रथिनाची रचना त्याच्या खेळाडूंनी २०११ साली काही आठवड्यांत उलगडली. तेथे घडी जितकी अचूक तितके गुण अधिक, म्हणजे गुण आणि सत्य एकाच दिशेने चालतात. अशा खेळाला कोण नावे ठेवील? पक्षिनिरीक्षणात जातींची संख्या आणि सत्य यांच्या दिशा थोडा वेळ एक असतात, मग फुटतात.

हे जाणणारे लोक योजनांत बदलही करतात. आपल्याकडील 'बर्ड काउंट इंडिया' दर महिन्याला जे आव्हान देते त्यात पुष्कळदा दुर्मीळ पक्ष्याला महत्त्व नसते. निदान पंधरा मिनिटांच्या, वेळेची नोंद असलेल्या, परिपूर्ण याद्या ठरावीक संख्येने कराव्यात, एवढीच अट असते. म्हणजे मोजमाप नशिबाचे नव्हे, चिकाटीचे. धोक्यात असलेल्या काही जातींचे नेमके ठिकाण ई-बर्ड सर्वांना दाखवीत नाही, म्हणजे घरट्याभोवती यात्रा भरत नाही. २०१६ साली लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या चुरशीतून जन्मलेल्या नगर-निसर्ग स्पर्धेने २०२० मध्ये महामारीमुळे स्पर्धाच बाजूस ठेवली, आणि तरीही लोकांनी आपल्या अंगणातल्या नोंदी पाठवल्या. या गोष्टी मला फार आश्वासक वाटतात.

तरीही एक शंका उरते. नोंदी वाढल्या म्हणून वागणूक बदलली काय? नव्या जातीसाठी दोनशे किलोमीटर मोटार पळवणारा आणि तलावावर कागदी बशा टाकून येणारा निरीक्षक असू शकतो. यादीला त्याचे काही नाही. याउलट सिरपूरचाच इतिहास पाहावा. होळकरांच्या काळातला हा तलाव अतिक्रमणांनी आणि घाणीने संपत चालला होता तेव्हा आपल्यातलेच चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे त्याच्या मागे लागले. तेव्हा ना गुण होते, ना गुणफलक. २०२२ मध्ये सिरपूर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, यशवंतसागरही त्याच वर्षी गेला, आणि २०२५ च्या जानेवारीत उदयपूरसह इंदूरला 'पाणथळ-नगर' ही मान्यता मिळाली. एका जागेवर जीव जडल्याखेरीज हे होत नाही, आणि जीव जडण्यासाठी त्याच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते, नवे काही 'मिळत' नसतानाही. खेळीकरण माणसाला तलावापर्यंत आणते हे मी मान्य करतो. त्याला तेथे बसवते काय, याविषयी मी साशंक आहे.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण भ्रमणध्वनीत बुडालेल्या आजच्या मुलांना गुणांचे आमिष दाखवले नाही तर ती तलावापर्यंतसुद्धा येणार नाहीत. आक्षेप खरा आहे, आणि त्याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. लहान मुलाला बिल्ला द्यावा, अगदी जरूर द्यावा. पण बारा वर्षांच्या मुलाला दिलेला बिल्ला बावीस वर्षांच्या तरुणालाही देत राहणे म्हणजे त्याला मोठे होऊ न देणे होय. पांगुळगाडा केव्हा काढून घ्यावयाचा हे आईला कळते. योजनेला कळत नाही, कारण तिला पांगुळगाड्यांची संख्याच वरिष्ठांना कळवावयाची असते.

ई-बर्डवर यादी पूर्ण केली की शेवटी एक साधा प्रश्न येतो: तुम्हांला ओळखता आलेले सर्व पक्षी तुम्ही या यादीत लिहिले आहेत काय? हो किंवा नाही. पुढची सारी गणिते या उत्तरावर चालतात. कारण 'हो' असेल तरच यादीत नसलेला पक्षी तेथे दिसला नाही असे अभ्यासकाला धरता येते. कावळे, पारवे, साळुंक्या लिहायचा कंटाळा केला आणि 'हो' म्हटले, तर जगातील कोणताही परीक्षक ते पकडू शकत नाही. त्या 'हो'ला गुण नाहीत, बिल्ला नाही. छत्तीस वर्षे कागदांवर सह्या केलेल्या माणसाला या एका चौकटीविषयी विशेष आदर वाटतो.

दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातील पक्ष्यांची गणना होते. १९९८ साली अमेरिकेत ती सुरू झाली, २०१३ पासून भारतही तीत आहे. त्यासाठी सिरपूरला जाण्याची आवश्यकता नाही. गच्चीत किंवा गॅलरीत खुर्ची टाकून पंधरा मिनिटे बसता आले तरी पुरते. आपल्या सभासदांपैकी बहुसंख्यांचे गुडघे आता एवढीच परवानगी देतात. चिमण्या, पारवे, बुलबुल, दयाळ, फार तर तांबट आणि एखादा शिक्रा, एवढीच यादी होईल. नातवंडांच्या मदतीने ती भरावी. भरल्यावर नातू उत्साहाने गुणफलकाचे पान उघडू पाहील. तेवढे राहू द्यावे आणि चहा होईपर्यंत त्याला आणखी पंधरा मिनिटे तेथेच बसवून घ्यावे.